परसातील कुक्कुटपालन : पिल्लू वाचविणे हीच पहिली कमाई

ग्रामीण भागात शेतमजूर व अल्पभूधारक कुटुंबांच्या दारात पाच-दहा कोंबड्या हिंडताना नेहमी दिसतात. या कोंबड्यांसाठी वेगळी जागा राखलेली नसते, भांडवल गुंतविलेले नसते आणि त्यांचा हिशेबही सहसा कोणी ठेवीत नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, मूठभर धान्य टाकावे आणि दिवसभर उकिरड्यावर व परसात पोट भरून आलेल्या कोंबड्या सायंकाळी पुन्हा झाकाव्यात, एवढीच त्यांची व्यवस्था. तरीही मुलांच्या वह्या-पुस्तके, अचानक उद्भवलेले आजारपण, आठवडी बाजारातील तेलमीठ अशा प्रसंगी याच कोंबड्या घराच्या उपयोगी पडतात. अंडी विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो, आणि तो कसा खर्च करावयाचा हे तीच ठरविते. म्हणूनच या लहानशा व्यवसायाचा विचार केवळ जोडधंदा म्हणून न करता कुटुंबाच्या आधाराचे साधन म्हणून केला पाहिजे.

नव्याने कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, कोणत्या जातीची कोंबडी सर्वांत जास्त अंडी देते? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आणलेल्या वा घरी उबविलेल्या पिल्लांपैकी किती पिल्ले मोठी होतात, हा खरा पहिला प्रश्न होय. परसातील कुक्कुटपालनाचे यशापयश याच एका गोष्टीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रारंभीची तयारी, पहिल्या काही आठवड्यांतील निगा, लसीकरण आणि हिशेब यांचा विचार केला आहे.

नुकसान नेमके कोठे होते?

गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ५० ते ६० अंडी देते. ती कमी अंडी देते याचे एक कारण तिच्या वंशात आहे, तर दुसरे तिच्या दिनक्रमात. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. त्यानंतर २१ दिवस अंडी उबविणे आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांना घेऊन हिंडणे यांत तिचे दिवस जातात व त्या काळात ती अंडी देत नाही. म्हणजे पिल्लांच्या एका पिढीसाठी कोंबडीचे सुमारे चार महिने खर्ची पडतात. एवढे करून दहा पिल्लांपैकी तीन-चारच हाती लागली, तर कोंबडीचे श्रम, उबविलेली अंडी आणि घातलेले धान्य यांपैकी बहुतेक सर्व वाया जाते.

ही पिल्ले जातात कशाने? काही थंडीने व पावसात भिजून गारठतात. काहींना घार, कावळा, मुंगूस, रानमांजर वा कुत्रे उचलून नेते. काही रक्ती हगवणीने मरतात. आणि एखाद्या वर्षी मानमोडीची साथ आली की लहानमोठे सगळेच पक्षी चार-आठ दिवसांत संपतात. ही सर्व कारणे अल्प खर्चात टाळता येण्याजोगी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विकत आणलेल्या पिल्लांचाही हिशेब पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाने सुधारित जातीची २० पिल्ले आणली. अशा पिल्लांत नर व मादी सामान्यतः निम्मे-निम्मे असतात. त्यांपैकी आठ पिल्ले गेली, तर उरलेल्या बारांत सहा कोंबड्या मिळतील. केवळ दोनच गेली, तर अठरांत नऊ कोंबड्या मिळतील. एका कोंबडीची वर्षाला १२० अंडी धरली, तर या तीन कोंबड्यांच्या फरकाने वर्षाला ३६० अंडी, म्हणजे जवळजवळ रोजचे एक अंडे, वाढते. शिवाय विक्रीसाठी तीन कोंबडे अधिक मिळतात, ते निराळेच. जात न बदलता, केवळ पिल्ले वाचवून झालेली ही वाढ आहे.

किती पक्षी, कोणत्या जातीचे?

परसातील कोंबडी आपल्या अन्नाचा मोठा भाग स्वतः शोधते. सांडलेले धान्य, किडे, वाळवी, गवताचे कोवळे शेंडे, स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न हे तिचे खाद्य. हे खाद्य अमर्याद नसते. सर्वसाधारण घराचे परस दहा ते पंधरा मोठ्या पक्ष्यांना पुरते. त्याहून अधिक पक्षी ठेवल्यास बाहेरून खाद्य विकत घ्यावे लागते आणि कमी खर्चाचा हा धंदा हळूहळू तोट्याचा होऊ लागतो. यास्तव आरंभ लहान असावा. प्रथम वीस पिल्ले आणावीत. अनुभव आल्यावर पुढचा विचार करावा. शहरात वा नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी स्थानिक नियमांची चौकशी आधी करावी आणि शेजाऱ्यांना दुर्गंधीचा उपद्रव होणार नाही अशी जागा निवडावी.

जातींच्या बाबतीत आज पुष्कळ निवड करता येते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी ‘वनराज’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण विकसित केले आहेत. वनराज मांस व अंडी या दोहोंसाठी उपयुक्त असून परसात वर्षाला सुमारे १०० ते ११० अंडी देतो. ग्रामप्रियापासून त्याहून अधिक अंडी मिळतात. बंगळूर येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘गिरिराज’ हा वाणही आपल्याकडे परिचित आहे. या पक्ष्यांची पिसे रंगीत असल्याने ते परसात सहज मिसळून जातात आणि त्यांच्या तपकिरी छटेच्या अंड्यांना गावात चांगली मागणी असते. मात्र हे पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे पुढील पिढी घरीच उबवावयाची असेल, तर दोन-तीन गावठी कोंबड्या सोबत ठेवणे इष्ट.

मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या मांसाच्या ‘कडकनाथ’ जातीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची सर्वत्र चर्चा झाली. ही जात काटक आहे. परंतु ती अंडी कमी देते आणि तिच्या मांसाला मिळणारा चढा भाव सर्व बाजारपेठांत मिळत नाही. अंड्यांसाठी आरंभ करणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, अशा आश्वासनांवर विसंबून कोणीही कर्ज काढू नये.

आधी खुराडे, मग पिल्ले

पिल्ले घरी आणल्यावर जागेची शोधाशोध करणे ही नेहमी होणारी चूक आहे. खुराडे आधी तयार हवे. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्याला रात्रीपुरती एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. त्यानुसार दहा-बारा पक्ष्यांसाठी चार फूट लांब व तीन-साडेतीन फूट रुंद खुराडे पुरेसे होते. ते जमिनीपासून दोन फूट उंच, लाकडी खुंटांवर असावे, म्हणजे ओल लागत नाही व खाली पडलेली विष्ठा सहज काढता येते. खुंटांना पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळल्यास उंदीर-घुशींना वर चढता येत नाही.

बांधकामासाठी बांबू, कूड, जुनी लाकडे, पत्रा असे घरचे साहित्य वापरावे. वारा खेळता राहील अशी जाळी समोरच्या बाजूस बसवावी. पण जाळीची भोके मुंगूस वा साप आत शिरणार नाही इतकी बारीक असावीत. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास उन्हाची तिरीप थेट आत येत नाही. कोकणात व घाटमाथ्यावर छपराला पुरेसा उतार द्यावा आणि पावसाच्या बाजूस गोणपाटाचा पडदा सोडावा. विदर्भ व मराठवाड्यात प्रश्न उन्हाळ्याचा असतो. तेथे पत्र्यावर गवत वा पाचट पसरावे, दुपारी त्यावर पाणी शिंपडावे आणि खुराडे झाडाच्या सावलीत ठेवावे.

आत बसण्यासाठी आडव्या काठ्या व चार-पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे अंडी घालण्याची खोकी ठेवावीत. प्रत्येक खोके फूटभर लांब, रुंद व उंच असावे आणि त्यात सुके गवत घालावे. परसाच्या एका कोपऱ्यात चुलीची राख व कोरडी माती मिसळून उथळ खड्डा करून ठेवावा. कोंबड्या त्यात लोळतात आणि त्यांच्या अंगावरील उवा-पिसवा कमी होतात. खुराड्याच्या फटींतून मात्र गोचीड लपून राहतात; म्हणून वर्षातून दोन वेळा चुन्याचा हात द्यावा.

पहिले चार आठवडे : ऊब

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू स्वतःच्या शरीराची ऊब टिकवू शकत नाही. अंगावर पिसे येईपर्यंत त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते. हे काम कोंबडी आपल्या पंखांखाली करते; विकत आणलेल्या पिल्लांसाठी ते आपण करावयाचे असते.

यासाठी घरातच वारा न लागणारी कोरडी जागा निवडावी. जाड पुठ्ठ्याचे वा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. कोपरे नसल्याने पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरत नाहीत. जमिनीवर भाताचे तूस वा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच जाडीचा पसरावा आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरावा, म्हणजे पिल्ले भुसा खात नाहीत. मध्यभागी विजेचा दिवा टांगावा. दर पिल्लास एक ते दोन वॉट हे प्रमाण धरले, तर वीस पिल्लांना ४० वॉटचा दिवा पुरतो. थंडीत ६० वॉटचा लावावा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आता घरोघरी वापरात असलेले एलईडी दिवे प्रकाश देतात, पण पुरेशी ऊब देत नाहीत. यासाठी तारेचा, तापणारा जुन्या पद्धतीचा दिवाच हवा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्यास ते तीन अंशांनी कमी करीत जावे. तापमापक नसला तरी अडत नाही. पिल्लांचे वागणे हाच उत्तम तापमापक होय. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना चिकटून चिवचिवाट करीत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजून दिवा खाली घ्यावा. ती दिव्यापासून दूर कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकीत असतील, तर उष्णता अधिक झाली आहे. दिवा वर घ्यावा. ती सर्वत्र सारखी पसरून खात-पीत असतील, तर ऊब योग्य आहे. रात्री वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. निखाऱ्यांचे मडके ठेवण्याची पद्धत आहे. परंतु धुराने पिल्ले गुदमरतात आणि भुशाला आग लागण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळलेली बरी.

भुसा रोज हलवून कोरडा ठेवावा. ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात. विष्ठेत रक्त दिसले, पिल्ले पंख पाडून व डोळे मिटून बसली, तर ओला भुसा त्वरित काढून टाकावा आणि पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. चार आठवड्यांनंतर हवामान पाहून दिवा बंद करता येतो. तथापि पिल्ले परसात मोकळी सोडण्याची घाई करू नये. सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत ती जाळीच्या आडोशातच ठेवावीत. तोवर ती घारीच्या व कावळ्याच्या तावडीतून सुटण्याइतकी मोठी झालेली असतात.

पाणी आणि खाद्य

प्रवासातून आलेल्या पिल्लांना प्रथम पाणी द्यावे, खाद्य नंतर. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ घालून ते उथळ भांड्यात ठेवावे आणि भांड्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांसाठीचे तयार खाद्य सुरू करावे. पहिल्या सहा आठवड्यांत एका पिल्लास सुमारे एक ते दीड किलो खाद्य लागते; वीस पिल्लांसाठी २० ते ३० किलो. परसातील कुक्कुटपालनातील हा सर्वांत मोठा रोख खर्च आहे. तो वाचविण्यासाठी पिल्लांना केवळ कण्या-तांदूळ घातल्यास त्यांना प्रथिने कमी पडतात, वाढ खुंटते आणि लहानशा रोगालाही ती बळी पडतात. येथे केलेली काटकसर महागात पडते.

मोठ्या पक्ष्यांना दिवसा परसात चरू द्यावे आणि सायंकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी दर पक्ष्यास ३० ते ४० ग्रॅम खाद्य घालावे. ज्वारी, बाजरी, मका यांचा भरडा, तांदळाचा कोंडा व थोडी शेंगदाण्याची वा सोयाबीनची पेंड यांचे मिश्रण चालते. ठराविक वेळी खाद्य मिळाल्याने कोंबड्यांना घरी परतण्याची सवय लागते आणि त्या इतरत्र अंडी घालीत नाहीत. अंड्याचे कवच चुन्यापासून बनते. त्यासाठी शिंपल्यांचा वा चुनखडीचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. तो कमी पडल्यास कवच पातळ होते आणि कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. खारवलेले पदार्थ, लोणची व पापडांचे उरलेले तुकडे कोंबड्यांना घालू नयेत. अधिक मिठाने त्यांना विषबाधा होते. आणि माणसाच्या उपयोगाचे नाही म्हणून बुरशी लागलेले धान्य कोंबडीला घालावे, ही समजूत सोडून द्यावी. मका व शेंगदाणा पेंडीवरील बुरशीत तयार होणारे विष कोंबडीचे यकृत निकामी करते.

लसीकरण : एका घराचे नव्हे, वाडीचे काम

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग हा परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून आपल्याकडे त्यास हे नाव पडले. हिरवट-पांढरी हगवण, श्वास घेताना घरघर, मान वेडीवाकडी होणे, पाय व पंख लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. हा रोग विषाणूंमुळे होतो व तो झाल्यावर त्यावर औषध नाही. मात्र त्याची प्रतिबंधक लस प्रभावी असून स्वस्त आहे.

लसीकरणाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचली जाते. ती टोचली आहे ना, हे पिल्ले घेताना विचारून घ्यावे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची ‘लासोटा’ लस डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब घालावी. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस द्यावी. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा द्यावी. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतची ‘आर-टू-बी’ ही लस टोचून घ्यावी. पुढील मात्रा स्थानिक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवाव्यात. आजारी पक्ष्यांस लस देऊ नये आणि लसीकरणापूर्वी आठवडाभर जंताचे औषध दिलेले असावे.

हा क्रम सर्वांना ठाऊक असूनही परसातील कोंबड्या लसीविना का राहतात? कारण लसीची एक कुपी साधारणपणे शंभर वा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एकदा द्रावण तयार केले की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्याच्या घरी दहा कोंबड्या आहेत, त्याने शंभर मात्रांची कुपी कशी आणावी? आणि दहा पक्ष्यांसाठी पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांना प्रत्येक घरी स्वतंत्रपणे येणे तरी कसे शक्य व्हावे? शिवाय एका घराच्या कोंबड्यांना लस दिली आणि शेजारच्या चार घरांत ती दिली नाही, तर रोगाचा वावर वाडीत राहतोच.

याचे उत्तर एकच आहे. वाडीतील आठ-दहा घरांनी एकत्र येऊन एक दिवस ठरवावा. प्रत्येक घरातील पक्ष्यांची संख्या व वय आधी लिहून काढावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आदल्या सायंकाळी झाकलेल्या कोंबड्या सकाळी सोडूच नयेत, म्हणजे उन्हे तापण्यापूर्वी सर्व पक्ष्यांना दोन तासांत लस देऊन होते. डोळ्यात थेंब घालण्याचे काम शिकण्यास सोपे आहे. महिला बचत गटातील दोघी-तिघींनी ते पशुवैद्यकाकडून शिकून घेतल्यास संपूर्ण वाडीची सोय होते. पिल्लेही सर्व घरांनी एकाच सुमारास आणली, तर लसीच्या तारखा आपोआप जुळतात. एकेका घराला जे परवडत नाही, ते दहा घरांना सहज परवडते.

रोग आल्यास काय करावे?

पक्षी मरू लागले की उरलेले पक्षी घाईघाईने बाजारात नेऊन विकण्याकडे अनेकांचा कल असतो. नुकसान भरून काढण्याची ती धडपड समजण्यासारखी आहे. परंतु आठवडी बाजारातून तोच रोग दहा गावांत पोहोचतो आणि फिरून आपल्याच दारी येतो. आजारी पक्षी विकू नये, मेलेला पक्षी उकिरड्यावर वा ओढ्यात टाकू नये. हातात पिशवी वा मोजे घालून तो उचलावा आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला. त्या वेळी मोठ्या कुक्कुटशाळांबरोबरच परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही हा रोग आढळला. अनेक पक्षी अचानक मरू लागल्यास तो मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे लक्षणांवरून घरी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीनेच ते कळते. म्हणून वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अनुसूचित सांसर्गिक पशुरोगांची माहिती देणे हे पशुपालकाचे कर्तव्य असल्याचे २००९ च्या केंद्रीय कायद्याने ठरविले आहे. खबर दिली तर सगळ्या कोंबड्या मारून टाकतील, या भीतीने रोग लपविला जातो. वस्तुतः शासनातर्फे नष्ट करण्यात आलेल्या पक्ष्यांसाठी नुकसानभरपाईची तरतूद असते आणि खबर जितकी लवकर, तितके आजूबाजूच्या घरांचे नुकसान कमी होते. हा रोग क्वचित माणसालाही होऊ शकतो. यास्तव मेलेल्या पक्ष्यांना मुलांनी हात लावता कामा नये. नीट शिजविलेले मांस व अंडी मात्र सुरक्षित असतात.

नवीन आणलेला पक्षी किमान पंधरा दिवस वेगळा ठेवून मगच जुन्या पक्ष्यांत सोडावा. एवढ्या एका सवयीने अनेक रोग दारातच अडतात.

अंडी आणि पुढील पिढी

सुधारित जातीच्या तलंगा साधारणतः साडेपाच ते सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी देऊ लागतात. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा असण्याची आवश्यकता नाही. पिल्ले काढावयाची असल्यास आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा व बाकीचे विकून टाकावेत. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. उबविण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ व आठवड्याच्या आतील अंडी निवडावीत. उन्हाळ्यात ती चार-पाच दिवसांहून जुनी नसावीत.

एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी रात्री अंधारात विजेरीच्या झोतासमोर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर गर्भ वाढत आहे. अंडे स्वच्छ दिसले, तर ते काढून घ्यावे. पिल्ले बाहेर आल्यावर त्यांना वर सांगितल्याप्रमाणे दिव्याची ऊब, खाद्य व लस मिळण्याची सोय असेल, तर ती कोंबडीपासून वेगळी करता येतात. अशी मोकळी झालेली कोंबडी लवकर पुन्हा अंड्यांवर येते.

अंडी विकण्याच्या उत्साहात घरातील मुलांना विसरू नये. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने मिळतात. घरात कोंबड्या असूनही मुलांच्या ताटात अंडे नसेल, तर त्या कुक्कुटपालनाचा निम्मा हेतू वाया गेला असे म्हणावे लागेल.

हिशेबाची वही

दुरेघी वही घेऊन तिच्यात चार रकाने आखावेत : पक्ष्यांची संख्या, मेलेले पक्षी व कारण, मिळालेली अंडी, झालेला खर्च. रोजच्या दोन ओळी पुरे होतात. नऊ कोंबड्या व एक कोंबडा यांचा वर्षाचा अंदाज असा मांडता येईल. कोंबडीमागे १२० याप्रमाणे १,०८० अंडी मिळतील. रोजचे एक याप्रमाणे ३६५ अंडी घरी खाल्ली, तरी ७१५ विक्रीस उरतील. सायंकाळचे खाद्य दर पक्ष्यास ४० ग्रॅम धरल्यास वर्षाला १४६ किलो, म्हणजे सुमारे दीड क्विंटल लागेल. पिल्ले, त्यांचे सुरुवातीचे खाद्य, दिव्याची वीज व लस यांचा खर्च त्यात मिळवावा. आपल्या गावातील अंड्याचा व धान्याचा भाव घालून प्रत्येकाला आपला नफा काढता येईल. धान्याचा भरडा व कोंडा घरचाच असेल, तर ही बेरीज आणखी चांगली दिसेल.

या वहीचा दुसरा उपयोग अधिक मोठा आहे. किती पिल्ले गेली आणि कशाने गेली, हे तिच्यात लिहिलेले असते. मुंगसाने नेली असतील, तर जाळी दुरुस्त करावयाची आहे. थंडीने गेली असतील, तर दिवा. साथीने गेली असतील, तर लसीचा दिवस ठरवावयाचा आहे. पुढच्या वेळी तीच चूक टळते.

एकदिवसीय पिल्ले व तलंगा यांचे गट अनुदानावर देण्याच्या योजना पशुसंवर्धन विभागामार्फत वेळोवेळी राबविल्या जातात. त्यांच्या चालू अटी, तसेच शासकीय अंडी उबवणी केंद्रांत पिल्ले केव्हा उपलब्ध होतील याची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळू शकेल. अनुदानाने पिल्लू घरापर्यंत येते. ते वाचविण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते. एक कोरडे खुराडे, एक तापणारा दिवा आणि वाडीने मिळून ठरविलेली लसीची एक सकाळ, एवढी तयारी करूनच पिल्ले आणावीत. मग वीस पिल्लांपैकी अठरा पिल्ले सहज मोठी होतील आणि अंड्यांचा पैसा वर्षभर घरातील स्त्रीच्या हाती खेळता राहील.